आपल्या वाटेने गेलेला एक धर्मगुरू

ज्युबिलीचा सोहळा म्हणजे देवाच्या उपकारांचे स्मरण करण्याची वेळ होय. अशा प्रसंगी आपण आपल्या धर्मग्रामातील पहिल्या कुटुंबांची, पहिल्या धर्मगुरूंची व पहिल्या प्रार्थनामंदिराची आठवण काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर आपण आज कृतज्ञतेची मिस्सा अर्पण करीत आहोत, त्या भूमीवरून सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी एक तरुण धर्मगुरू चालून गेले होते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांनी येथे मंदिर बांधले नाही, कोणाला स्नानसंस्कार दिला नाही, की येथे मुक्कामही केला नाही. तरीही त्यांच्या चरित्रात आपल्या नित्याच्या जीवनासाठी एक मोठा धडा आहे. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

इसवी सन १५८० च्या जानेवारी महिन्यात येशूसंघाचे तीन धर्मगुरू सुरतेहून निघाले. तापीच्या खोऱ्याने वर येऊन, तळोदा व सुलतानपूर ह्या भागातून जात, सातपुड्याची रांग ओलांडून ते माळव्यात उतरले. सुलतानपूर त्या काळी परगण्याचे ठाणे होते. आज ते शहादा तालुक्यातील एक गाव आहे. नंदुरबारचे महत्त्व तर त्याहूनही मोठे होते. अकबराच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या ‘आईन-इ-अकबरी’ ह्या ग्रंथात नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या व उंटांच्या पाठीवरून ह्याच मुलखातून उत्तरेस जात असे. त्या तांड्यांच्या धुळीतून हे तीन धर्मगुरू अकबर बादशहाच्या भेटीस चालले होते.

त्या तिघांची नावे अशी : रुदोल्फ आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रीक. ह्यांपैकी हेन्रीक हे मूळचे इराणच्या आखातातील होर्मुझचे असून फारसी जाणणारे दुभाषी होते. मोन्सेरात हे स्पेन देशातील कातालोनिया प्रांताचे. ह्या प्रवासाचा साद्यंत वृत्तांत त्यांनीच पुढे लॅटिन भाषेत लिहून ठेवला. ते हस्तलिखित शतकानुशतके विस्मृतीत पडून राहिले होते. १९०६ साली ते कलकत्त्यात सापडले आणि १९१४ साली छापून प्रसिद्ध झाले. तिघांचे प्रमुख होते ते रुदोल्फ. इटलीतील आत्री येथील ड्यूकच्या घराण्यात १५५० साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे वैभव सोडून ते येशूसंघात दाखल झाले आणि १५७८ च्या सप्टेंबर महिन्यात गोव्यास पोहोचले. पुढे चीन देशात ज्यांची कीर्ती झाली ते मात्तेओ रिच्ची त्यांचे ह्याच सफरीतील सोबती होते. तळोद्याच्या वाटेने जाताना रुदोल्फ ह्यांचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

आता प्रश्न असा की, दिल्ली-आग्र्याच्या बादशहाला गोव्याच्या धर्मगुरूंना बोलावण्याची इच्छा का व्हावी? ह्याचे एक कारण मोठे मननीय आहे. १५७६ च्या सुमारास बंगाल प्रांतात येशूसंघाचे दोन धर्मगुरू, पेद्रु दियास व आंतोनियु वाझ, काम करीत होते. तेथील ख्रिस्ती व्यापारी बादशाही जकात चुकवून माल नेत असत. परक्या राजाचा व परधर्मी राजाचा पैसा बुडविला तर त्यात पाप ते काय, असा त्यांचा समज असावा. परंतु धर्मगुरूंनी त्यांना स्पष्ट बजावले की, चोरी ती चोरीच; बुडविलेली रक्कम परत केल्यावाचून पापांची क्षमा मिळावयाची नाही. ही वार्ता अकबराच्या कानी गेली. जो धर्म आपल्या अनुयायांना परक्याच्याही तिजोरीशी प्रामाणिक राहावयास शिकवितो, तो धर्म आहे तरी कसा, असे कुतूहल बादशहाच्या मनात उत्पन्न झाले. तद्नंतर १५७९ च्या सप्टेंबर महिन्यात त्याचा वकील अब्दुल्ला हा दोमिनिक पेरेझ नावाच्या ख्रिस्ती दुभाष्यासह गोव्यास आला, व विद्वान धर्मगुरू पाठवावेत अशी विनंती त्याने केली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी रुदोल्फ व त्यांचे सोबती गोव्याहून निघाले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. एका सम्राटाच्या दरबाराचे दार ख्रिस्तसभेसाठी उघडले गेले, त्याला मोठमोठी प्रवचने किंवा पोर्तुगीजांच्या तोफा कारण झाल्या नाहीत. बंदरावरील जकातीच्या हिशोबात खरेपणा दाखवावा, असे कोणी दोघांनी आग्रहाने सांगितले, हे त्याचे एक कारण झाले. श्रद्धेची पहिली ओळख पुष्कळदा अशीच, देण्याघेण्याच्या व्यवहारात पटते.

१५८० च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस रुदोल्फ फत्तेपूर शिक्रीस पोहोचले. मोन्सेरात हे वाटेत नरवर येथे आजारी पडल्यामुळे काही दिवसांनी मागून आले. बादशहाने पाहुण्यांचे स्वागत मोठ्या प्रेमाने केले आणि त्यांच्यापुढे सोन्याच्या मोहरांची मोठी रास ठेवविली. धर्मगुरूंनी ती नम्रपणे परत केली. दररोजच्या अन्नवस्त्राला लागेल तेवढेच आम्हांस पुरे, अधिक नको, असा त्यांचा निश्चय होता. नजराण्यांची सवय झालेल्या दरबाराला हे नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. पुढे त्यांनी स्पेनच्या राजासाठी छापलेल्या बहुभाषी पवित्र शास्त्राचे भव्य खंड बादशहाला भेट दिले, तेव्हा अकबराने एकेका खंडाचे चुंबन घेऊन तो मस्तकी धारण केला. राजपुत्र मुराद ह्याच्या शिक्षणाचे काम मोन्सेरात ह्यांच्याकडे सोपविण्यात आले. रुदोल्फ ह्यांनी थोड्याच महिन्यांत फारसी आत्मसात केली आणि इबादतखान्यातील धर्मचर्चांत ते स्वतः बोलू लागले.

परंतु ज्या हेतूने गोव्याने त्यांना पाठविले होते, तो हेतू सफळ झाला नाही. बादशहा ऐके, प्रश्न विचारी, आदर दाखवी. पण ख्रिस्ती झाला नाही. हेन्रीक परत गेले, मोन्सेरात परत गेले. अखेरीस रुदोल्फ एकटेच त्या विशाल राजधानीत उरले. कठोर उपवास व प्रार्थना ह्यांत त्यांचे दिवस जात. शेवटी वरिष्ठांची आज्ञा आली व १५८३ च्या आरंभी त्यांनी निरोप घेतला.

निघताना बादशहाने पुन्हा भेटी देऊ केल्या. रुदोल्फ ह्यांनी त्या नाकारल्या, आणि एकच मागणे मागितले. मूळ मॉस्कोच्या देशातील एक कुटुंब तेथे गुलामगिरीत दिवस कंठीत होते : पती, पत्नी व त्यांचे दोन मुलगे. परमुलखात वर्षानुवर्षे राहिल्यामुळे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्माचे केवळ नावच काय ते शिल्लक राहिले होते. ह्या माणसांना मोकळे करावे व आपल्याबरोबर गोव्यास जाऊ द्यावे, एवढेच त्यांनी मागितले. राजमातेचा ह्या गोष्टीस सक्त विरोध होता असे नमूद आहे. तरीही अकबराने आपल्या पाहुण्याचा शब्द मोडला नाही. सम्राटाचे मन वळविण्यास आलेला हा धर्मगुरू जाताना चार गुलामांना मुक्त करून घेऊन गेला.

जगाच्या हिशोबाने पाहिले तर ही स्वारी निष्फळ झाली असेच म्हणावे लागेल. परंतु त्या मातापित्यांच्या व त्या दोन मुलांच्या हिशोबाने पाहिले तर? तीन वर्षे रुदोल्फ बादशहाशी त्रैक्याच्या गूढ तत्त्वावर बोलत राहिले. आणि त्याच वेळी दरबाराच्या आडोशाला कोण राबत आहे, कोणाला स्वतःचे घर नाही, हेही त्यांच्या दृष्टीतून सुटले नाही. ख्रिस्ती प्रेमाची खूण हीच. ते मोठ्यांशी बोलत असतानाही लहानांकडे पाहावयास विसरत नाही.

ह्यापुढील कथा दुःखाची आहे, व ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १५८३ च्या मे महिन्यात रुदोल्फ गोव्यास पोहोचले आणि लगेच साष्टीच्या कामाची जबाबदारी त्यांच्यावर आली. साष्टीतील कुंकळ्ळी व तिच्या आसपासची गावे त्या वेळी संतापलेली होती, आणि त्या संतापाला कारणही होते. पोर्तुगीज सत्तेच्या शिपायांनी तेथील देवळे पाडली होती, जाळली होती. आणि ह्या कामात काही मिशनऱ्यांचाही हात होता, हे इतिहास लपवीत नाही. अशा वेळी, जुलै महिन्यात, रुदोल्फ आपल्या चार येशूसंघीय बंधूंसह व काही ख्रिस्ती लोकांसह मंदिरासाठी जागा पाहावयास कुंकळ्ळीस गेले. गावकरी शस्त्रे घेऊन चाल करून आले. बरोबरच्या एका पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक उचलली. परंतु पाद्री आल्फोन्सो पाचेको ह्यांनी, आपण येथे लढावयास आलो नाही असे म्हणून, त्याला अडविले. पाचही येशूसंघीय व त्यांचे अनेक सोबती तेथे मारले गेले. रुदोल्फ ह्यांनी आपली मान स्वतःच पुढे केली असे परंपरा सांगते. १८९३ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी ह्या पाच जणांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

त्यानंतर जे घडले त्याची नोंद आपण क्वचितच करतो. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या सोळा गावकरी पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि त्यांची हत्या केली. एक तेवढा नदीत उडी टाकून निसटला असे सांगतात. ज्यांनी मरताना बंदूक खाली ठेवावयास लावली, त्यांच्या नावाने हा सूड घेतला गेला. ह्याहून मोठी विसंगती ती कोणती?

आता ह्या दोन प्रसंगांची तुलना करून पाहा. माणूस एकच, श्रद्धा एकच, अंतःकरणातील प्रेमही एकच. फत्तेपुरात रुदोल्फ रिकाम्या हातांनी गेले. त्यांच्यामागे सैन्य नव्हते, आणि समोरच्या माणसाने ऐकावे किंवा न ऐकावे, ह्याची त्याला मोकळीक होती. तेथे एका परधर्मी बादशहाने त्यांना मित्र मानले आणि त्यांच्या शब्दावर माणसे मोकळी केली. कुंकळ्ळीत त्यांचे हात रिकामेच होते, पण त्यांच्या पाठीमागे सत्तेची सावली पडली होती. गावकऱ्यांना ती सावली दिसली, त्यांचे हृदय दिसू शकले नाही. प्रेमाच्या पाठीशी दंडुका उभा असला की समोरच्याला प्रेम ओळखू येत नाही, दंडुकाच तेवढा दिसतो. ह्यात हुतात्म्यांच्या पवित्रतेला यत्किंचितही उणेपणा येत नाही. उलट, त्यांनी ज्या मार्गाने प्रेम केले, तो मार्ग आपण कोणत्या रीतीने स्वच्छ ठेवावा, हे त्यावरून कळते.

हा मार्ग ज्यांनी पुढे चालविला त्यांचे नाव मराठी ख्रिस्ती माणसाला निराळे सांगावयास नको. पाद्री थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे रुदोल्फ उत्तरेस निघण्याच्या थोडेच दिवस आधी, गोव्यास उतरले होते. कुंकळ्ळीत पडलेल्या आपल्या बंधूंची शवे मिळवून त्यांचे दफन त्यांनीच करविले. ज्या मुलखाने आपले सोबती मारले, त्या मुलखाला सोडून जाणे त्यांना कठीण नव्हते. परंतु ते तेथेच राहिले. त्यांनी लोकांची बोली शिकली, तिचे व्याकरण लिहिले, आणि १६१६ साली राचोल येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापून प्रसिद्ध केले. १६१९ साली ते निवर्तले, तोवर साष्टीच्या लोकांत त्यांचा जवळजवळ चाळीस वर्षांचा वास झाला होता. शेजाऱ्याच्या भाषेचा मान राखणे हे त्याच्यावर प्रेम करण्याचे पहिले पाऊल आहे, हे स्टीफन्स ह्यांनी सिद्ध करून दाखविले. आज आपण ज्या भाषेत हा लेख वाचीत आहोत, तिच्यावरील त्यांचे हे ऋण फार मोठे आहे.

आता आपण आपल्या जिल्ह्याकडे वळू. नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून निराळा झाला; आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला. ह्या दोन्ही गोष्टी अलीकडच्या. परंतु तापीचे खोरे व सातपुड्याचे डोंगर पूर्वी होते तेथेच आहेत, आणि येथील वाटेवर माणसाला माणूस आजही भेटतोच. भिल्ल, पावरा, मावची, गुजर, मुसलमान, मारवाडी असे नाना प्रकारचे लोक येथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. भिलोरी, पावरी, अहिराणी, गुजराथी अशा कितीतरी बोली एकाच बाजारात कानी पडतात. आपण ख्रिस्ती लोक येथे संख्येने थोडे आहोत. आपल्यापाशी ना सत्ता, ना संपत्ती. काही जणांना हे आपले दुर्बळपण वाटते. रुदोल्फ ह्यांचे चरित्र वाचल्यावर मात्र असे वाटू लागते की, रिकामे हात ही ख्रिस्ती माणसाची उणीव नसून ती त्याची ठेव आहे.

धडगाव-मोलगीचा आठवड्याचा बाजार घ्या. डोंगरावरून पाठीवर ओझे घेऊन आलेली बाई आपली चारोळी, आंबे किंवा कडधान्य तराजूत टाकते, तेव्हा तराजू धरणारा हात कोणाचा आहे ह्यापेक्षा तो हात सरळ आहे की नाही, हेच तिला कळते. तो हात ख्रिस्ती माणसाचा असेल आणि तो सरळ असेल, तर बंगालमधील त्या दोन धर्मगुरूंनी जे केले तेच तेथे घडले. एक शब्दही न बोलता प्रभूची साक्ष दिली गेली. आणि तो हात सरळ नसेल, तर रविवारच्या मिस्सेतील आपली सुंदर गाणी त्या बाईला काय सांगणार?

ऊसतोडीचा हंगाम घ्या. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे गुजराथेत ऊस तोडावयास जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडता फेडता वर्ष सरते, आणि पुढच्या वर्षीची उचल पुन्हा डोक्यावर चढते. मागे म्हातारी माणसे घराची राखण करीत राहतात, मुलांची शाळा सुटते. ह्या मंडळींत आपले ख्रिस्ती बांधवही आहेत व इतरही आहेत. फत्तेपुरातून चार माणसे मुक्त करण्यासाठी रुदोल्फ ह्यांना सम्राटाकडे शब्द टाकावा लागला. आपल्याला कदाचित एवढेच करावे लागेल की, न शिकलेल्या शेजाऱ्याच्या उचलीचा हिशोब त्याच्याजवळ बसून वाचून दाखवावा. मागे राहिलेल्या म्हातारीच्या घरी सायंकाळी डोकावून तिने काही खाल्ले की नाही ते विचारावे. शेजारचे मूल आपल्या मुलांबरोबर शाळेत न्यावे. ही कामे इतकी लहान आहेत की त्यांचा अहवाल कोणी लिहीत नाही. परंतु माणूस मुक्त होतो तो बहुधा अशाच लहान कामांनी.

बोलण्याची रीत घ्या. आपल्याच तळोदा तालुक्यातील मोरवड येथील गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात आदिवासी समाजात मोठी जागृती केली. मद्य सोडा, स्वच्छ राहा, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून आदराने संबोधा, असे ते सांगत. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण ज्याला जग ‘ए’ म्हणून हाक मारते, त्याला ‘आप’ म्हणावे, ह्या शिकवणीत जे सत्य आहे ते कोणत्याही ख्रिस्ती माणसाने आनंदाने स्वीकारावे. सरकारी दवाखान्याच्या रांगेत, एस्‌टीच्या गर्दीत, शेताच्या बांधावर आपण समोरच्याला काय म्हणून हाक मारतो? डोंगरातून आलेल्या पावरा म्हाताऱ्याशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलण्याचा यत्न करतो, की त्याच्या मराठीला हसतो? नर्मदेवरील धरणाच्या पाण्याने ज्यांची गावे गेली व ज्यांना तळोदा-शहादा भागात नव्याने वसविण्यात आले, त्या कुटुंबांना आपण शेजारी म्हणतो की अजूनही ‘बाहेरचे’ म्हणतो? मिस्सेनंतर घरी जाताना हे प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावेत.

येथे कोणी म्हणेल की, एवढ्याने काय होणार? एका कुटुंबाला मदत केली म्हणून दारिद्र्य सरत नाही, एक तराजू सरळ धरला म्हणून बाजार सुधारत नाही. हे खरे आहे. चार गुलाम मुक्त झाले म्हणून त्या काळची गुलामगिरीही संपली नव्हती. परंतु प्रभूने आपल्याला जगाचा हिशोब चुकता करावयास सांगितलेले नाही. वाटेत पडलेल्या माणसापाशी थांबावयास सांगितले आहे. त्याच्या दृष्टान्तातील शोमरोनी मनुष्याने यरीहोची वाट चोरांपासून निर्भय केली नाही. त्याने एका जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसविले व त्याच्या औषधपाण्याचा खर्च केला. तेवढ्यावरच प्रभूने त्याला ‘शेजारी’ ही पदवी दिली.

आपल्या धर्मग्रामाच्या इमारती, शाळा, वसतिगृहे व दवाखाने ही सर्व देवाची देणगी आहे. त्यांबद्दल आपण त्याचे उपकार मानू. पण ह्या भिंतींच्या आत किती लोक येतात, ह्यापेक्षा येथून बाहेर पडलेली माणसे बाजारात, शेतात व वाटेवर कशी वागतात, ह्यावरच आपल्या शेजाऱ्यांना ख्रिस्ताची ओळख पटणार आहे. दयाळू परमेश्वर आपणां सर्वांना धन्यवादित रुदोल्फ ह्यांचे निर्लोभी हात व पाद्री स्टीफन्स ह्यांची चिकाटी देवो. आपल्या हातून कोणाचीही पिळवणूक न होवो. आणि तापीपासून सातपुड्यापर्यंत ज्या ज्या घराचे दार आपण ठोठावू, तेथे आपल्या येण्याने कोणाला भय न वाटता समाधान वाटो, हीच ह्या ज्युबिलीच्या मंगल समयी प्रभुचरणी प्रार्थना. आमेन.